चौकातल्या फलकावरची बाई

७ जानेवारी

छायाचित्रकार साहेब,

नऊ वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. खुशाली विचारायला लिहीत नाहीये. तुझा नंबर माझ्याकडे आहे, पण फोनवर बोललेलं उद्या नाकारता येतं, कागद नाकारता येत नाही. या पत्राची एक प्रत मी ठेवून घेतली आहे आणि पाकीट पोचपावतीचं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या घरापुढच्या चौकात बसथांब्याच्या वर गेल्या सोमवारी नवा फलक लागला. कानाच्या मशीनची जाहिरात. दोन मजले उंच असा एका बाईचा चेहरा. मान जराशी मागे, तोंडभर हसू, उजवा हात कानाशी. खाली मोठ्या अक्षरांत, ‘आता मला सगळं ऐकू येतं!’

ती बाई मी आहे.

मी भाजी घेऊन येत होते. सहज वर पाहिलं आणि पिशवीच हातातून सुटली. बटाटे रस्ताभर गडगडले. तेच बाकदार नाक, हनुवटीवरची तीच खळी, तेच पुढे आलेलं कपाळ, ज्यावरून तू लहानपणी मला ‘बाल्कनी’ म्हणायचास. स्वेटर मात्र लालभडक. तसला स्वेटर मी मेले तरी घालणार नाही.

मला वाटलं, आपल्यालाच भास होतोय. पण दुसऱ्या दिवशी पेपरवाला म्हणाला, “काकू, तुम्ही तर प्रसिद्ध झालात!” भाजीवाली माझ्याशी ओरडून बोलायला लागली. “ताजी आहे! ता-जी!” मी म्हटलं, अगं, मला टाचणी पडलेली ऐकू येते. तर ती शेजारणीला म्हणते, “बघ, मशीन चांगलं आहे हं.” बँकेतल्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला, तीही किंचाळत. लोक माझ्याकडे नाही, माझ्या कानाकडे बघतात. मी वळले की बोलणं थांबतं.

आता मुद्द्याचं. मी फोटोला कधी हसत नाही, तुला ठाऊक आहे. बँकेच्या ओळखपत्रापासून लेकीच्या लग्नापर्यंत एका फोटोत माझे दात दिसणार नाहीत. मला हसताना टिपू शकेल असा जगात एकच माणूस आहे, आणि तोही मला कळू न देता. आई गेल्यावर मी तुझ्या दारात आले होते, तेव्हा तुझ्या गळ्यात कॅमेरा नव्हता. म्हणजे हा फोटो नंतरचा. म्हणजे तू आमच्या गावात येऊन, लपून काढलास. ऑक्टोबरात समोरच्या गच्चीवर टोपी घातलेला एक माणूस दोन दिवस काहीतरी मोजत उभा होता. तेव्हाच मला खटकलं होतं.

कधी काढलास, कुणाला दिलास, आणि माझा चेहरा विकायचा अधिकार तुला कुणी दिला? तीन प्रश्न. तीन उत्तरं. पंधरा दिवसांत.

(सही)

१९ जानेवारी

धाकट्या,

पोचपावती आली. त्यावर तुझी सही आहे, म्हणजे पत्र तुझ्याच हातात पडलं. तरी उत्तर नाही. एकतीस वर्षं बँकेत मी सह्या जुळवल्या. नमुना सही डावीकडे, समोरची उजवीकडे. खोटी सही करणाऱ्याचा हात एका जागी अडखळतो, आणि खरा गुन्हेगार गप्प बसतो, हे मी तिथेच शिकले. तुझी ही शांतता मला फार काही सांगते आहे.

काल मी त्या कंपनीच्या कार्यालयात गेले. सगळं काचेचं, आत सुगंधी फवारा मारलेला. टेबलापाशी एक मुलगी होती. मला पाहताच उभी राहिली आणि भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे बघायला लागली. एकदा मी, एकदा भिंत. मला वाटलं, झालं, इथेच निकाल लागला.

“हा माझा फोटो आहे,” मी म्हटलं. “मी परवानगी दिलेली नाही.”

ती आत जाऊन आली. “मॅडम, फोटोतल्या बाईंचं संमतीपत्र आमच्याकडे आहे. सहीनिशी.”

“दाखवा.”

“तिसऱ्या व्यक्तीला दाखवता येत नाही.”

तिसरी व्यक्ती! माझ्याच तोंडाच्या बाबतीत मी तिसरी! मी म्हटलं, मग पहिली कोण आणि दुसरी कोण? तर म्हणे, अर्ज द्या. आणि शेवटी, जाताना, ती पोरगी माझ्या कानाजवळ वाकून हळू आणि स्पष्ट म्हणाली, “खुर्ची देऊ का, मॅ-डम?”

म्हणजे संमतीपत्र आहे. त्यावर सही आहे. मी तर केलेली नाही. मग कुणी केली, धाकट्या? माझी सही लहानपणापासून तुला येते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची करायचास, तिथे हात बसला तुझा.

घरी वेगळाच तमाशा. लेक सुट्टीवर आली आहे. तिने चौकात उभं राहून फलकाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “आई, ही तू नाहीस.”

“का?”

“तू अशी हसतेस कधी?”

भाऊजी तुझे पेपरामागे हसत होते. मला राग आला. तेव्हा मी विचार केला, ही इतक्या खात्रीने का बोलते? तिला काही माहीत आहे का? तुमचं दोघांचं मामा-भाचीचं गुळपीठ पहिल्यापासूनच. मी तिचा फोन टेबलावर पडलेला असताना पाहिला. हो, पाहिला. तुझं नाव त्यात आहे. मागच्या महिन्यात दोनदा बोललात. मी तिला विचारलं तर म्हणाली, “मामाची चौकशी करायची नाही का मी?” आणि खोलीत निघून गेली. दोन दिवस आमचं बोलणं नाही.

तुझ्यामुळे.

मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंकडे जाणार आहे. मग म्हणू नकोस, सख्ख्या बहिणीने कोर्टात खेचलं.

(सही)

३ फेब्रुवारी

धाकट्या,

अजून गप्पच. ठीक.

वकीलबाईंनी मला तासभर ऐकून घेतलं. त्यांनी जे सांगितलं ते तुझ्या माहितीसाठी लिहिते, म्हणजे नंतर अज्ञानाचं सोंग नको. फोटो काढला की त्या फोटोवर पहिला हक्क काढणाऱ्याचा. तो कुठे छापायचा, कुणाला द्यायचा, हे काढणारा ठरवतो. पण फोटोत जो चेहरा आहे तो काढणाऱ्याचा होत नाही. धंद्यासाठी वापरायचा तर त्या माणसाची संमती लागते, लेखी, आणि कशासाठी, किती दिवस, हे त्यात लिहिलेलं लागतं. मी म्हटलं, म्हणजे घर बांधणाऱ्याचं आणि त्यात राहणारी मी? त्या म्हणाल्या, “साधारण तसंच, पण हे कोर्टात बोलू नका.”

त्यांनी कंपनीला नोटीस धाडली. कंपनीचं उत्तर आलं आहे, चौदा तारखेला भेटायला या, कागद दाखवतो. बघ, नोटीस गेल्याबरोबर तिसरी व्यक्ती पहिली झाली.

वकीलबाईंनी मला आणखी एक विचारलं, ते मनातून जात नाही. “भाऊ असं का करेल? तुमचं भांडण कशावरून?”

मी म्हटलं, आईवरून. त्यांना वाटलं, वाटणीवरून असेल. मी म्हटलं, तसलं काही नाही. बाबा गेल्यावर मी आईसाठी मागची खोली रिकामी केली, नवी गादी आणली, खिडकीला जाळी लावली. आणि ती म्हणाली, मी धाकट्याकडे राहीन. का? तर “तुझ्या घरात मला पाहुण्यासारखं सरळ बसावं लागतं.” हे ती पाच जणांसमोर बोलली. तू तेव्हा दाराशी उभा होतास. हसलास. मी पाहिलं.

त्यानंतर सहा वर्षं मी तुझ्या घराची पायरी चढले नाही. तिला यायचं असतं तर ती आली असती. आणि फोन केले नाहीत असं नाही. शेवटच्या वर्षात दोनदा केले. दोन्ही वेळा तू तिच्या हातात फोन दिलास. मी विचारलं, कशी आहेस? ती म्हणाली, “हो, हो.” मी म्हटलं, गुडघे कसे आहेत? ती म्हणाली, “जेवले. ठेवू?” आणि ठेवला. माझ्याशी दोन वाक्यं बोलायची तिला इच्छा नव्हती. तेही मी समजून घेतलं. म्हटलं, राहू दे. नाही बोलायचं तर नाही.

वकीलबाईंना मी एवढं सगळं सांगितलं नाही. तुला का लिहिते आहे कुणास ठाऊक. बहुधा तुला आठवण करून द्यायला, की माझ्याकडून तू आधीच एक गोष्ट नेली आहेस. आता चेहराही न्यायचा?

लेक परत गेली. जाताना म्हणाली, “आई, चौदा तारखेला जाऊ नकोस.” का म्हणाली ती असं? काय आहे त्या कागदात?

मी जाणार.

(सही)

१६ फेब्रुवारी

धाकट्या,

परवा जाऊन आले. दोन दिवस लेखणी हातात धरली आणि ठेवून दिली. आज लिहिते.

मी, वकीलबाई, समोर कंपनीचा कायदा बघणारा एक गृहस्थ आणि त्याच्या शेजारी जाहिरातींचं काम बघणारी चष्मेवाली मुलगी. भिंतीवर तोच मोठा फोटो. गृहस्थ सौजन्याने विचारतो, “फोटोतली व्यक्ती आपणच, असं आपलं म्हणणं आहे?”

“नाहीतर कोण?” मी म्हटलं.

त्याने फायलीतून कागद काढून माझ्यापुढे सरकवला. मी चष्मा लावला. कुठलाही कागद आला की मी आधी सही बघते, नाव नंतर. नोकरीतली खोड. मी पर्समधून माझ्या सहीचा नमुना काढून डावीकडे ठेवला होता, शेजारी हा कागद. आता दाखवते यांना, म्हटलं, हात कुठे अडखळला ते.

सही माझी नव्हतीच. माझ्या सहीची नक्कलसुद्धा नव्हती. पहिलं अक्षर ठसठशीत, पुढची अक्षरं एकमेकांना न शिवता उभी, आणि सगळं लिहून झाल्यावर वरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढलेली. उलटी. हजारो लोकांच्या सह्या मी पाहिल्या. शिरोरेषा उलटी ओढणारी एकच बाई मला ठाऊक आहे. रेघ कापरी होती. पण उलटीच होती.

मग मी नाव वाचलं. मग तारीख. आई जायच्या चार महिने आधीची.

मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. नाक तेच, हनुवटी तीच, एक रेघ इकडची तिकडे झाली नाही. आणि ती मी राहिले नाही.

“ही सही तुमची नाही ना?” वकीलबाई उत्साहाने म्हणाल्या.

“नाही.”

“म्हणजे खोटी!”

“खरी आहे,” मी म्हटलं. “माझ्या आईची आहे.”

मग चष्मेवाली पोरगी हळूच म्हणाली, फोटो जुना आहे, दुसऱ्या एका छोट्या कंपनीकडून त्यांच्याकडे आला, त्या बाई फार थकलेल्या दिसत होत्या म्हणून त्यांनी संगणकावर सुरकुत्या काढल्या, गाल भरले, आखूड पांढरे केस लांब आणि करडे केले, स्वेटरचा रंग बदलला. “दहा-पंधरा वर्षांनी तरुण केलं,” ती म्हणाली. म्हणजे माझ्या वयाची केली.

सही मी एका नजरेत ओळखली, धाकट्या. आणि जिच्या पोटी जन्मले तिच्या चेहऱ्याखालून पाच आठवडे भाजीची पिशवी घेऊन ये-जा केली, वर बघून रोज तुला शिव्या दिल्या. लेकीने ओळखलं. ती सुट्टीत तुझ्याकडे यायची, आजीजवळ राहायची. मला भांडण नको म्हणून ती गप्प राहिली असेल. मी तिचा फोन तपासत बसले.

पण माझा संशय संपलेला नाही. आता तो वेगळा आहे. आई कानाच्या मशीनच्या कागदावर सही कशाला करेल? आई बहिरी नव्हती.

होती का?

“जेवले. ठेवू?” हे वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यात फिरतंय. तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. माझी तीन पत्रं वाचूनही नाही. तुझ्याकडे आणखी काहीतरी आहे. जे असेल ते पाठव. सांभाळून घेऊ नकोस मला.

ताई

२ मार्च

धाकट्या,

तुझं पाकीट आलं. भाऊजींनी उघडायला घेतलं होतं, मी त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावलं.

आधी तुझं पत्र वाचलं. दीड पान, पंधरा वर्षांसाठी. तू लिहितोस, आईचे कान दोन-तीन वर्षांत हळूहळू गेले. तिने तुला बजावलं होतं, “मोठीला सांगायचं नाही. तिला कळलं तर कीव करेल, आणि मला ते सोसायचं नाही.” वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हा खोटं बोलतोय, आईच्या नावावर खपवतोय. मग आठवलं, बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पण अगदी हेच म्हटलं होतं, कुणाला सांगायचं नाही, लोक कीव करतात. वाक्य तिचंच आहे. शंका नको.

मग पाकिटातून तू काढलेला मूळ फोटो बाहेर घेतला. निळा स्वेटर. केस पार पांढरे, कापलेले, मुलासारखे. गाल बसलेले. इतकी बारीक झाली होती? सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी. आणि तेच हसू. त्या कंपनीवाल्यांनी सगळं बदललं, हसू तेवढं बदललं नाही. त्याला हात लावायची त्यांना गरज वाटली नसेल.

कानाशी हात आहे, आणि हातात फोन आहे. फलकावर नाही. फलकावर त्यांनी तो पुसून टाकला आणि हात तसाच ठेवला.

पुढचं तुझं लिहिलेलं मी इथे पुन्हा उतरवते, कारण मला ते माझ्या हाताने लिहून बघायचं आहे. ‘कानाच्या मशीनच्या शिबिरात मी फोटो काढायला होतो. आईला मशीन बसवलं. ती म्हणाली, पहिला फोन मोठीला लाव. मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. तिकडची घंटी तिला ऐकू आली, तेव्हा ती हसली. वाजतेय रे, वाजतेय, म्हणाली. तेव्हा मी फोटो काढला. घंटी वाजून वाजून थांबली. ती म्हणाली, कामात असेल.’

मी कामात नव्हते.

दुपारची वेळ होती. मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. फोन समोर होता आणि त्यावर तुझं नाव होतं. मला वाटलं, तू आहेस. आता काय हवंय याला, असं मी मोठ्याने म्हटलं, घरात कुणी नसताना. आणि तो थांबेपर्यंत बघत बसले. माझ्या मनात त्यावेळी आनंद होता, धाकट्या. तुला वाट बघायला लावल्याचा. ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

तू नंतर दोनदा फोन केलास, तेही मी उचलले नाहीत. ते तू पत्रात लिहिलेलं नाहीस. मला आठवतं.

आता कळलं, तू गप्प का होतास. मी तुला चोर म्हटलं, बनावट सही करणारा म्हटलं, तू ते गिळलंस, कारण उत्तर द्यायचं तर हा फोटो दाखवावा लागला असता, आणि फोटोत कुणाची घंटी वाजते आहे ते सांगावं लागलं असतं.

शेवटी तू लिहितोस, फलक तुझ्याही गावात लागला आहे, तू त्या रस्त्याने जाणं सोडलंस. आणि, ‘फोटो माझा आहे, पण चेहरा माझा एकट्याचा नाही. काय करायचं ते तू ठरव.’

ठरवते. मला तुझं अधिकारपत्र पाठव. सही नीट कर, मी तपासणार आहे.

ताई

२१ मार्च

धाकट्या,

काम झालं. कसं झालं ते सांगते, कारण त्यातली एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आईचा कागद वकीलबाईंनी ओळ न् ओळ वाचला. शिबिराच्या पत्रकांपुरती संमती, पाच वर्षं, फोटोत फेरफार करायचा नाही. तिन्हींपैकी एकही अट त्यांनी पाळलेली नाही. म्हणून मी जय्यत तयारीने गेले होते. पण गृहस्थ माझ्याशी इतका गोड बोलायला लागला की मला लगेच वास आला, यांच्या पोटात काहीतरी आहे.

होतंच. त्यांना नवा कागद हवा होता, आपल्या दोघांच्या सह्यांचा. फलक लोकांना फार आवडला म्हणे. आता ती बाई हलणार, बोलणार. संगणक फोटोवरून सगळं करतो. योग्य तो मोबदला मिळेल वगैरे. “नमुना तयार आहे, बघा तर खरं,” असं म्हणून त्याने पडदा लावला.

आईने मान हलवली. डोळे मिटून उघडले. ओठ हलले आणि म्हणाली, “आता मला सगळं ऐकू येतं.” आवाज कुणा तरुण मुलीचा, रेडिओवर असतो तसा गुळगुळीत. आईचा आवाज कसा घोगरा होता. सगळं खोटं आहे हे मला पहिल्या क्षणापासून दिसत होतं.

आणि मी म्हटलं, “पुन्हा लावा.”

त्याने लावलं. मी दुसऱ्यांदा पाहिलं. वकीलबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा कळलं की मी टेबलाची कड घट्ट धरली आहे. तिसऱ्यांदा लावा म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. गृहस्थाला ते दिसलं. त्याने हळूच पेन माझ्याकडे सरकवलं. मला सांग, सही करून टाकली असती तर मला रोज चौकात आई दिसली असती, बोलताना. माझ्या वयाची, माझ्यावर न चिडलेली. ते पेन मी उचललं होतं, धाकट्या. खोटं कशाला बोलू.

मग मी ते खाली ठेवलं. म्हटलं, “हे पुसा. माझ्यासमोर.”

“मॅडम, हा नुसता नमुना...”

“नमुनेच तपासले मी जन्मभर. पुसा.”

चष्मेवाल्या मुलीने पुसलं. पुसताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी तिला दुसऱ्या यंत्रातलंही पुसायला लावलं, कारण माझा विश्वास नाही. मग वकीलबाईंनी लिहून घेतलं: सगळे फलक उतरवायचे, फोटोची एकही प्रत ठेवायची नाही, बदललेली तर मुळीच नाही, आणि मूळ फोटो तुझ्या नावावर तुझ्याकडेच राहणार. गृहस्थाने विचारलं, सुरकुत्या परत घातल्या तर चालेल का? मी म्हटलं, त्या काढायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? त्या तिने स्वतः मिळवल्या होत्या.

काल सकाळी फलक उतरवला. शिडीवर दोन माणसं होती. मी समोर उभी राहिले. आधी कपाळ सुटलं, मग डोळे, आणि मग तो मोठा कागद एकदम खाली आला आणि त्यांनी त्याची गुंडाळी करून गाडीत टाकला. भाजीवाली म्हणाली, “गेला तुमचा फोटो!” मी म्हटलं, माझा नव्हता, आईचा होता. ती जरा वेळ बघत राहिली. मग एकदम साध्या आवाजात म्हणाली, “सारखीच दिसता हो.”

लेकीला मी फोन केला. माफी मागितली. मला ती नीट जमली नाही, पण ती म्हणाली, जमली.

तुझी मात्र मी पत्रातून मागणार नाही. मी येते आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने, एकटीच, दोन दिवस राहीन. स्टेशनवर येऊ नकोस, मला पत्ता ठाऊक आहे. माझ्यासाठी काही मांडून, आवरून ठेवू नकोस. फक्त एक काम कर. आई तुझ्याकडे राहायला आली त्या दिवसापासूनचे सगळे फोटो बाहेर काढ. चांगले, वाईट, हललेले, डोळे मिटलेले, सगळे. आणि तारखेने लावून ठेव. एकदम शेवटचा दाखवू नकोस.

सहा वर्षं आहेत ती. मला तिला हळूहळू म्हातारी होताना बघायचं आहे.

ताई